पुढचा दात

आपल्या शाळेच्या या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे निवडून देण्याचे काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपवले. आमचा विषय इतिहास, आणि जुने कागद म्हटले की ते इतिहासाच्या शिक्षकाच्या माथी, असा शाळांमधून रिवाजच आहे. कार्यालयातल्या लोखंडी कपाटातून तीन खोकी निघाली. भीमजयंतीच्या मिरवणुका, वर्षावासातील प्रवचने, स्नेहसंमेलने, धारूरच्या किल्ल्यावरच्या सहली असे सगळे त्यांत एकत्र होते. चार दिवस आम्ही ती छायाचित्रे वर्षवार लावीत बसलो. तिसऱ्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. एक मुलगा पाच-सहा छायाचित्रांत आहे आणि एकाही ठिकाणी त्याचे ओठ उघडलेले नाहीत. किल्ल्याच्या दरवाजातले सातवीच्या वर्गाचे छायाचित्र आहे. त्यात सगळी मुले कशावर तरी खदखदून हसत आहेत आणि त्याने तोंडावर पालथा हात धरला आहे.

हा हात तिथे कसा गेला, हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून हा लेख.

१९९९ सालची गोष्ट. पावसाळा सरत आला होता. वसतिगृहामागच्या हापशावर सकाळच्या आंघोळीची रांग लागलेली. त्या काळी नळ नव्हता, हे जुन्या विद्यार्थ्यांना सांगायला नकोच. त्या हापशाचा आवाज अजून त्यांच्या कानांत असेल. एका मोठ्या मुलाने दांडा मध्येच सोडला, तो उसळून वर आला आणि शेजारी वाकून बादली सारणाऱ्या तिसरीतल्या मुलाच्या तोंडावर बसला. वरचा पुढचा दात तिरपा, निम्म्याहून अधिक तुटला. उरलेल्या भागाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा लाल ठिपका दिसत होता. आम्ही धावत गेलो, चूळ भरायला लावली, लवंगेच्या तेलाचा बोळा धरला. मुलगा फारसा रडला नाही. त्याच्या मित्राने चिखलातून दाताचा तुकडा शोधून तळहातावर आणून दाखवला. “दुधाचा दात आहे, नवा येईल. टाकून दे तो,” असे आम्ही म्हणालो. त्याने तो नालीत टाकला. अर्ध्या तासाने प्रार्थनेची घंटा झाली आणि आम्ही दोघेही वर्गात गेलो.

तो दुधाचा दात नव्हता. वरचे मधले दोन दुधाचे दात साधारण सातव्या वर्षाच्या सुमारास पडतात आणि सात ते आठ या वयात त्यांच्या जागी कायमचे दात येतात. म्हणजे तिसरीतल्या मुलाचा जो पुढचा दात तुटतो, तो बहुधा त्याला मरेपर्यंत पुरायचा असतो. आला तरी तो अजून कच्चाच असतो. त्याचे मूळ पुरे व्हायला पुढे सुमारे तीन वर्षे लागतात आणि तोवर मुळाचे टोक उघडे असते. तो लाल ठिपका म्हणजे दाताचा जिवंत गाभा, त्यातली नस. अशा कच्च्या दाताच्या गाभ्यावर वेळेत औषध घालून तो झाकला, तर दात जगतो आणि मूळही पूर्ण होते. कोवळ्या वयात ही ताकद मोठ्या माणसापेक्षा कितीतरी अधिक असते. हे सारे आम्हाला पंधरा वर्षांनी कळले. सोळाव्या शतकात आदिलशाही सरदार किश्वरखानाने हा किल्ला बांधला, मग तो निजामशाहीकडे आणि पुढे मोगलांकडे गेला, याची साले आम्हाला झोपेत विचारली तरी सांगता आली असती. रोज समोर बसणाऱ्या मुलाचा दात कोणत्या साली येतो, ते मात्र माहीत नव्हते.

पुढे जे व्हायचे ते झाले. थंड पाणी झोंबू लागले म्हणून तो पेला तोंडाच्या एका कडेला लावू लागला. पाचवीत दात राखाडी पडला. सहावीत हिरडीवर पुवाची पुळी येऊ लागली, फुटू लागली, पुन्हा येऊ लागली. सातवीच्या दिवाळीत एका दवाखान्यात तो दात काढून टाकला. दवाखान्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही, कारण तिथवर वेळ आणणारे आम्हीच होतो. त्याच्या वडिलांनी सही केली आणि दुसऱ्या दिवशी ते पत्नीसह ऊसतोडीला निघून गेले.

हा मुलगा बोलका होता. दुसरीत असताना १४ एप्रिलच्या कार्यक्रमात त्याने तीन मिनिटांचे भाषण एका दमात म्हटले होते. नंतर तो वक्तृत्व स्पर्धेत उतरला नाही. इतरांना भाषणे लिहून द्यायचा आणि ती चांगली असत. वर्गात प्रश्न विचारला की तोंडापुढे हात धरून उत्तर द्यायचा. आम्ही त्याला अनेकदा रागावलो, “हात काढ, स्पष्ट बोल.” एकदा सगळ्या वर्गादेखत रागावलो. तुटलेल्या दाताविषयीचे अज्ञान एक वेळ आम्ही स्वतःला माफ करू; या रागावण्याचे काय करावे, ते अजून सुचलेले नाही.

लहानांच्या दातांचा आणखी एक प्रकार आपल्याकडे इतका सर्रास आहे की त्याला कोणी मोडणे म्हणतही नाही. पहिलीत येणाऱ्या कित्येक मुलांचे वरचे पुढचे चार दात काळे, झिजलेले, हिरडीलगत खुंटासारखे उरलेले असतात. रात्री दुधाची किंवा गोड चहाची बाटली तोंडात ठेवून मूल झोपवायचे, दिवसा बिस्किट हातात द्यायचे, म्हणजे ते कामाच्या वेळी रडत नाही. फडात राबणाऱ्या आईला दुसरा इलाज तरी काय असतो? दात झिजून मोडले की किडा लागला म्हणतात आणि रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडा पाडणारा गाठतात. त्या धुरीतून पडणाऱ्या अळ्या आम्हीही लहानपणी डोळे विस्फारून पाहिल्या आहेत. दातात किडा नसतो. तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवते, इतकीच ती गोष्ट आहे.

‘दुधाचेच तर आहेत’ हे वाक्य इथेही असते. पण दुधाचा दात मागून येणाऱ्या दाताची जागा राखतो, भाकरी तोडतो आणि बोलायला शिकवतो. त, थ, द, ध, न, स यांना व्याकरणात दंत्य वर्ण म्हणतात, ते उगाच नव्हे. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच पुढचे दात गेलेले मूल ‘स’ म्हणताना जीभ बाहेर काढते आणि वर्ग हसतो. किडीवर अजून उपाय करता येण्याजोगा असेल, तर बालदंतवैद्य कीड काढून, पारदर्शक टोपीसारख्या साच्यात दातांच्या रंगाचे मिश्रण भरून दुधाच्या दातालासुद्धा पुन्हा आकार देतात. मात्र पडल्यामुळे दुधाचा दात मुळासकट निघाला, तर तो परत खोबणीत बसवायचा नसतो. त्याच्या वर वाढत असलेल्या कायमच्या दाताला इजा होण्याची भीती असते.

आपल्या परंपरेत दातांची हेळसांड मुळीच नाही, हे जाता जाता नोंदवले पाहिजे. विनयपिटकातील चुल्लवग्गात भगवंतांनी भिक्षूंना दंतकाष्ठ वापरण्याची अनुमती दिली आहे आणि ते न चघळल्याचे पाच तोटेही सांगितले आहेत. सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंगने विहारांतील दिनचर्या लिहिताना दंतकाष्ठाची आवर्जून नोंद केली. आमच्या आजीने मात्र आयुष्यभर मिश्री लावली. तो वारसा विहारातून आला नव्हता.

२०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि वर्षातून एकदा तपासणी पथक शाळेत येऊ लागले. आधीही तपासण्या होत, पण वजन, उंची, जंताची गोळी इतक्यावर त्या आटोपत. या पथकातल्या डॉक्टरांनी मुलांना ‘आ’ करायला लावले. काम झाल्यावर शिक्षक कक्षात चहा घेताना ते सहज म्हणाले, “वसतिगृह आहे, पोरं पडणारच. पुढचा दात तुटला तर तुकडा शोधायचा आणि दुधात टाकून त्याच दिवशी दंतवैद्याकडं न्यायचं. तुकडा परत चिकटवता येतो.” आमच्या हातातला कप तसाच राहिला. चिकटवता येतो? आम्ही दोनदा विचारले. ते म्हणाले, “येतो, सर. यात नवं काही नाही.”

ते खरेच होते. अमेरिकेतील मायकेल बुओनोकोर या दंतवैद्याच्या लक्षात आले की, कारखान्यांत धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक आम्ल लावतात. तेच दाताच्या कवचाला लावून पाहिले तर? आम्लाने कवच सूक्ष्म खरखरीत होते आणि त्यावर राळेसारखा पदार्थ घट्ट धरतो. हा शोध त्यांनी १९५५ साली प्रसिद्ध केला. १९६२ मध्ये राफेल बोवेन यांनी दातांच्या रंगाचे टिकाऊ मिश्रण सिद्ध केले. आज ज्याला कॉम्पोझिट म्हणतात ते तेच. म्हणजे बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली त्याच्या आदल्या वर्षी जगाला सापडलेली गोष्ट १९९९ सालीही आमच्या हापशापर्यंत पोचली नव्हती. ज्ञान कुठवर पोचते आणि कोणाच्या दाराशी थांबते, याचा इतिहास कोणी लिहायला हवा.

नोव्हेंबर २०१५ मध्ये त्याची परीक्षा झाली. तिसरीतलीच एक मुलगी खो-खो खेळताना खांबावर आदळली. पुढच्या दाताचा कोपरा, साधारण तिसरा हिस्सा, तुटला. या वेळी आम्ही साऱ्या वर्गाला मैदानात गुडघ्यांवर बसवले. मुलांनी माती हाताने चाळली आणि वीस मिनिटांत तुकडा सापडला. तो स्वच्छ पाण्याने हलकाच विसळून, भोजनगृहातल्या दुधात, स्टीलच्या डबीत ठेवला. वसतिगृहाच्या अधीक्षिका बाई, ती मुलगी, ती डबी आणि आम्ही असे आडसमार्गे अंबाजोगाईला निघालो. बाईंनी डबी सारा वेळ पदराखाली धरली होती, जणू तिला वारा लागेल.

अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय हा आपल्या भागाचा मोठा आधार. तिथल्या दंतविभागातील तरुण डॉक्टरांनी आधी दात सोडून इतरच प्रश्न विचारले. उलटी झाली का? शुद्ध हरपली होती का? चावताना दात नीट जुळतात का? मग क्ष-किरण चित्र घेतले. आत पिवळसर थर दिसत होता, लाल ठिपका नव्हता. डबी उघडून ते हसले आणि म्हणाले, “छान ठेवलाय. कोरडा पडला असता तर पांढराफटक दिसला असता.” तुकडा जुळवून पाहिला, तो तंतोतंत बसला. नसेजवळचा भाग औषधाने झाकला, दोन्ही कडांना आम्ल लावून धुतले, चिकटद्रव्य लावले, मिश्रण भरले आणि निळ्या प्रकाशाचा दिवा धरला. सगळा प्रकार तासाभराचा. त्यांनी आरसा दिला तेव्हा मुलीने आधी दात पाहिला नाही, आमच्याकडे पाहिले.

वडिलांना फोन आधीच लावला होता. ते पश्चिमेकडच्या एका फडावर होते, फोन मुकादमाचा. “सर, आमाला येता यायचं नाही, उचल घेतलेली हाय. किती पैसे लागतेत?” फारसे लागणार नाहीत, असे आम्ही सांगितले. मग फोन आईने घेतला. “पोरीचा पुढचा दात हाय सर, उद्या लग्नाला आडवा येईल. काहीबी करा.” त्या माउलीची काळजी खरी होती. पण पुढे पालक मेळाव्यात आम्ही हा विषय काढला, तेव्हा एक गृहस्थ म्हणाले की मुलीचे ठीक आहे, मुलाच्या दाताला कोण विचारतो? आमच्या डोळ्यांपुढे तो तोंडावरचा हात आला. मुलीचा दात लग्नासाठी आणि मुलाचा दात कशासाठीच नाही, हा हिशेब आम्हाला दोन्ही बाजूंनी चुकीचा वाटतो. दात त्या मुलांचा, त्यांनी हसावे, बोलावे, भाकरी तोडावी म्हणून.

डॉक्टरांनी निघताना एक पथ्य सांगितले होते. पुढच्या दातांनी कडक काही तोडायचे नाही. पेरू, कणीस, चिक्की, ऊस चिरून किंवा कापून खायचा. मुलीने मान हलवली. पण ऊसतोड्याच्या लेकराला ऊस दातांनी सोलू नको सांगणे म्हणजे कोळ्याच्या मुलाला पाण्यात जाऊ नको सांगणे. फेब्रुवारीत घरी कार्य निघाले म्हणून ती चार दिवस फडावर गेली. आईबाप कोयता चालवीत होते, मुलगी कोपीपुढे बसली होती आणि समोर उसाचे कांडे. परत आली ती हाताची मूठ मिटून. मुठीत तुकडा, कागदात गुंडाळलेला. “सर, दूध नव्हतं तिथं. पान्यात ठेवला होता, मग वाटंत पानी सांडलं,” असे म्हणून ती रडू लागली. आम्ही तिला रागावलो नाही. इतके तरी आम्ही शिकलो होतो.

दुसऱ्यांदा तो तुकडा लागला नाही. दात केवळ मिश्रणाने घडवला. तेव्हापासून आजवर तो आणखी एकदा करावा लागला. पालकांनी हे नीट समजून घ्यावे. लहानपणी केलेली दुरुस्ती कायमची नसते. ती झिजते, तिचा रंग बदलतो, कधी निघते. दीड-दोन महिन्यांनी आणि मग वर्षाने दाखवावे लागते, कारण वरून धड दिसणाऱ्या दाताची नस आतून मरत असू शकते. जबड्याची वाढ संपेपर्यंत असेच सांभाळत न्यायचे, पुढचे पुढे. ती मुलगी आज बारावीला आहे. तिच्या दाताचे मूळ क्ष-किरणात पूर्ण झालेले दिसले, त्या दिवशी आम्ही अधीक्षिका बाईंना पेढे दिले. बाईंना वाटले आमची बढती झाली.

खर्चाचेही एकदा सांगून टाकतो. पहिल्या फेरीची प्रवासाची पावती हिशेबात लावली, तेव्हा ‘दात’ हे कोणत्या शीर्षात बसते असा शेरा आला. तापाला शीर्ष होते, खरजेला होते. ‘किरकोळ’मध्ये टाका, असा सल्ला मिळाला. आम्ही तसे केले नाही; ‘वैद्यकीय’ असेच लिहिले आणि तीन पत्रे झाल्यावर ते मंजूर झाले.

आता हापशाच्या जागी नळ आहेत, पण नळाशेजारच्या कोनाड्यात झाकणाची एक स्टीलची डबी ठेवलेली आहे. काय करायचे ते मुलांना पाठ आहे. तुकडा शोधायचा. तो सापडला नाही आणि ओठ फाटला असेल, तर डॉक्टरांना तसे सांगायचे. कधी तो ओठातच रुतलेला असतो. कायमचा दात मुळासकट निघाला, तर त्याला मुळाशी हात लावायचा नाही. वरच्या पांढऱ्या भागाला धरून, माती लागली असल्यास पाण्याखाली क्षणभर धरायचा, घासायचा नाही, आणि तिथल्या तिथे खोबणीत बसवून रुमाल चावायला द्यायचा. ते जमत नसेल तर दुधात. अर्ध्या-पाऊण तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचले तर दात धरण्याची आशा मोठी. धारूरहून ते नेहमी साधत नाही, म्हणूनच पहिले पाऊल मैदानातच उचलावे लागते. पहिलीतली मुले मात्र आपोआप पडलेले दुधाचे दातही त्या डबीत आणून टाकतात. घरी ते छपरावर फेकायचे असतात, इथे डबी आहे. दर आठवड्याला बाई ती रिकामी करतात.

इतिहासाच्या शिक्षकाला एक खोड असते, साले जुळवण्याची. ‘मूकनायक’ निघाला ३१ जानेवारी १९२० रोजी. त्याच वर्षी कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी देशातले पहिले दंत महाविद्यालय काढले. दोन्हींचा एकमेकांशी संबंध नाही. तरी खोक्यातली ती छायाचित्रे हातात असताना ही दोन साले आमच्या मनात शेजारी येऊन बसली, एवढेच.

तो मुलगा आता तेहतीस वर्षांचा आहे, पुण्यात असतो. या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही त्याला फोन केला आणि मे महिन्यात तो सहकुटुंब शाळा दाखवायला घेऊन आला. नोकरी लागल्यावर त्याने शेजारच्या दोन दातांच्या आधाराने ब्रिज बसवून घेतला. काम इतके बेमालूम झाले आहे की माहीत नसणाऱ्याला कळणार नाही. बरोबर सहा वर्षांची लेक होती, पुढचे दोन्ही दात पडलेले, आणि ती सबंध वेळ तोंड उघडून हसत होती. आम्ही त्याला १९९९ सालची सकाळ सांगितली. तो तुकडा टाकून द्यायला आम्हीच सांगितले होते आणि तसे करायला नको होते, हेही सांगितले. तो म्हणाला, “सर, तुम्हाला तरी कुणी शिकवलं होतं?” मग लेकीच्या कुठल्याशा बोलण्यावर त्याला हसू आले आणि त्याचा हात तोंडावर गेला.

किल्ल्यावरचे छायाचित्र त्याला दाखवले, छापू का म्हणून विचारले. त्याने बराच वेळ ते हातात धरले. “छापा,” तो म्हणाला. “हा प्रसंगही लिहा. नाव नका टाकू.”

छायाचित्र याच स्मरणिकेत आहे. दुसरी रांग, डावीकडून चौथा.